रेम्ब्रांटचे ‘झाडाखाली बसलेले चौघे’ : या चित्राला पूर्वरेखाटन म्हणावे काय?

गेरू (प्रश्न)

नमस्कार. मी एका कला महाविद्यालयात चित्रकलेचा इतिहास शिकवते. पुढच्या सत्रासाठी डच रेखाटनांवर मराठीतून एक छोटी पुस्तिका तयार करीत आहे आणि तिच्यातल्या एकाच चित्राखालच्या ओळीवर माझे काम गेले आठ दिवस अडून बसले आहे.

हे चित्र लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये असून १८९५ मध्ये माल्कम संग्रहाबरोबर ते तेथे आले. कागद लहानच आहे, जेमतेम एकोणीस सेंटिमीटर उंच आणि बारा सेंटिमीटर रुंद. तपकिरी शाई, लेखणी आणि वॉश (पाण्याने पातळ केलेल्या शाईचे हात) एवढ्याच साधनांनी सतराव्या शतकातल्या या डच चित्रकाराने, रेम्ब्रांटने, झाडाखाली जमिनीवर बैठक मारून बसलेले चार दाढीवाले, पागोटेधारी वृद्ध काढले आहेत. त्यांच्यामध्ये जमिनीवर लहान भांडी ठेवलेली आहेत आणि चौघांचे काहीतरी बोलणे चालले आहे. हे चित्र रेम्ब्रांटने मनाने काढलेले नाही. एका मुघल लघुचित्रावरून त्याने ते उतरवून घेतले, आणि ते मूळ लघुचित्र आज व्हिएन्नाच्या शोनब्रुन राजवाड्यात आहे, इथपर्यंत माझ्या मनात शंका नाही.

अडचण पुढची आहे. १६५६ साल घातलेले रेम्ब्रांटचे एक एचिंग (तांब्याचा पत्रा अम्लाने खाववून त्यावरून छापलेले चित्र) आहे, ‘अब्राहाम देवदूतांचा पाहुणचार करतो’ या नावाचे. त्यातली बैठक या चौघांच्या बैठकीशी इतकी जुळते की एकीवरून दुसरी सुचली हे सांगायला तज्ज्ञाची गरज पडू नये. मी ज्या जुन्या टिपणांवरून शिकवीत आले, त्यांत या रेखाटनाचा उल्लेख सरळ ‘अब्राहामच्या एचिंगसाठी केलेले पूर्वरेखाटन’ असा आहे. गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीने विचारले, “मॅडम, पूर्वरेखाटनात अब्राहाम कुठे आहे? देवदूत कुठे आहेत?” मी तेव्हा काहीतरी उत्तर देऊन वेळ मारून नेली, परंतु तो प्रश्न अगदी रास्त होता. ज्या रेखाटनात बायबलमधले एकही पात्र नाही, ते बायबलमधल्या प्रसंगाचे पूर्वरेखाटन कसे ठरते? आणि ठरत नसेल, तर त्याला मराठीत काय म्हणावे? ‘अभ्यासचित्र’, ‘नक्कल’, ‘कच्चा आराखडा’ हे शब्द आपण सगळे एकाच अर्थाने वापरतो, असे मला आता वाटू लागले आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

ताम्रपट

आपल्या विद्यार्थिनीला माझा नमस्कार सांगावा. मी स्वतः तांब्याच्या पत्र्यावर काम करतो, म्हणून उत्तराची सुरुवात कारागिरीपासून करतो; शब्दांचा घोळ बराचसा तिथेच सुटतो.

एचिंग करताना पत्र्यावर मेण आणि राळ यांचा पातळ थर देतात, सुईने तो थर खरवडून चित्र काढतात आणि मग पत्रा अम्लात सोडतात. जिथे सुई फिरली तिथे तांबे उघडे पडते आणि तेवढेच खाल्ले जाते. आता आधी कागदावर काढलेले चित्र जसेच्या तसे पत्र्यावर हवे असेल, तर कागदाच्या पाठीवर खडूची किंवा गेरूची भुकटी चोळायची, कागद पत्र्यावर ठेवायचा आणि बोथट टोकाने मूळ रेषा पुन्हा गिरवायच्या. आपल्याकडे रांगोळीसाठी उदबत्तीने भोके पाडलेला कागद वापरत, किंवा लघुचित्रांच्या कारखान्यांत भोके पाडलेल्या खाक्यावरून कोळशाची पूड झटकत, त्याच जातीची ही युक्ती आहे. अशा गिरवण्याने कागदावर बारीक चर उमटतात. दिवा बाजूने धरला की ते स्पष्ट दिसतात, आणि ते दिसले की तो कागद छपाईच्या पूर्वतयारीचा होता याविषयी वाद उरत नाही. रेम्ब्रांटचेच उदाहरण द्यायचे तर मेनोनाइट या प्रोटेस्टंट पंथाचा धर्मोपदेशक कॉर्नेलिस आन्स्लो याचे लाल खडूतले रेखाटन पाहावे. ते १६४० चे आहे, तेही ब्रिटिश म्युझियममध्येच आहे, त्यावर असे चर आहेत आणि त्यावरून केलेले एचिंग १६४१ चे आहे. या कागदाला पूर्वरेखाटन म्हणताना मनात किंतु यायचे कारण नाही.

डच परंपरेत बायबलमधल्या प्रसंगांची अशी पूर्वरेखाटने ज्याने डोंगराएवढी करून ठेवली तो रेम्ब्रांटच्या आधीच्या शतकातला हार्लेमचा मार्टेन व्हान हेम्सकेर्क (१४९८–१५७४). तो स्वतः पत्रा कोरत नसे. तो आराखडे करी आणि डर्क कॉर्नहर्ट किंवा फिलिप्स गाले यांच्यासारखे कोरक्ये ते तांब्यावर उतरवीत. त्यामुळे त्याचे रेखाटन म्हणजे कोरक्याला दिलेली लेखी आज्ञाच असे. सावलीची एकेक रेघ कोरणीच्या रेघेसारखी आखलेली, संदिग्ध असे काहीही न ठेवलेले. गंमत अशी की त्याच्या या कागदांवर माणसे डाव्या हाताने तलवार उगारतात आणि डाव्या हाताने आशीर्वाद देतात. छापताना चित्र उलटे होते, म्हणून तो आधीच सगळे उलटे काढून ठेवी. संग्रहालयात एखाद्या जुन्या डच कागदावर सगळी मंडळी डावखुरी दिसली, तर तो कागद बहुधा छापखान्याच्या वाटेवरचा आहे असे समजायला हरकत नाही.

या मापाने मोजले तर रेम्ब्रांटने पूर्वरेखाटने फारच थोडी केली. एचिंगचे चित्र तो बहुतेक वेळा थेट पत्र्यावरच काढत असे. चुकले तर घासून पुन्हा काढत असे. ज्याला ‘शंभर गिल्डरचे चित्र’ म्हणतात त्या ख्रिस्त व रुग्णांच्या मोठ्या एचिंगसाठी त्याने केलेली रेखाटने आहेत, परंतु ती संपूर्ण प्रसंगाची नाहीत. आम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममधल्या कागदावर केवळ ती आडवी झालेली आजारी स्त्री आहे, बर्लिनच्या कागदावर रुग्णांचा एक गट आहे. त्या स्त्रीचा हात किती गळून पडावा, एवढाच प्रश्न त्याला त्या दिवशी सोडवायचा होता. अशा कागदाला मी अभ्यासरेखाटन म्हणेन. ते एका ठरलेल्या चित्रासाठी केलेले असते, पण ते त्या चित्राचा आराखडा नसते.

आपले चौघे या दोन्हींत बसत नाहीत. ते दुसऱ्याच्या चित्राची नक्कल आहेत. ती नक्कल पुढे कामाला आली, एवढेच. आराखडा आणि शिदोरी यांत जो फरक आहे तोच येथे आहे, आणि माझ्या मते हे रेखाटन शिदोरी आहे.

पैलथडी

ताम्रपट यांचे विवेचन मान्य आहे, मात्र “ती नक्कल पुढे कामाला आली” हे त्यांचे वाक्य मला जरा घाईचे वाटते. त्यात नक्कल आधी आणि एचिंग नंतर, असा क्रम गृहीत धरलेला आहे.

रेम्ब्रांटने मुघल चित्रांवरून केलेली जी वीस-पंचवीस रेखाटने आज निरनिराळ्या संग्रहांत विखुरलेली आहेत, त्यांतल्या एकावरही त्याने साल घातलेले नाही. ती साधारण १६५६ ते १६६१ या काळातली मानतात, आणि त्या काळाचे सुरुवातीचे टोक ठरवताना मोठा आधार घेतला जातो तो याच अब्राहामच्या एचिंगचा. म्हणजे एचिंगवरून रेखाटनाचे साल ठरवायचे आणि मग त्या सालावरून रेखाटनाने एचिंग घडवले असे म्हणायचे. हा युक्तिवाद स्वतःचीच शेपूट धरून फिरतो. मुघल लघुचित्र किंवा त्याची एखादी प्रत त्याच्या समोर होती, एवढे निश्चित आहे. ज्याच्यासमोर मूळ चित्र आहे त्याने पत्र्यावर काम करताना आपल्या नकलेकडे पाहिले की मूळ चित्राकडे, हे आपण आज कशावरून ठरवणार?

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. १६५६ च्या जुलैमध्ये रेम्ब्रांटचे दिवाळे निघाले आणि त्याच्या घरातल्या चीजवस्तूंची यादी करण्यात आली. त्या यादीत दुर्मीळ लघुचित्रांचा एक संग्रह नोंदलेला आहे. तो मुघल चित्रांचाच होता असे यादी म्हणत नाही, पण बरेच अभ्यासक तसे मानतात, आणि संग्रह हातचा जाणार म्हणून त्याने घाईने नकला करून ठेवल्या असाही एक तर्क मांडला जातो. तो तर्क खरा असेल, तर नकला करण्यामागचा हेतू एखादे एचिंग हा नसून आठवण राखणे हा होता. मला स्वतःला मात्र ‘घाईने’ हा शब्द पटत नाही. ही रेखाटने त्याच्या त्या काळातल्या बोरूच्या जाड, झटकेदार रेषांसारखी मुळीच नाहीत. त्यांत त्याने मुघल कलावंताची बारीक, संथ रेघ मुद्दाम सांभाळली आहे.

खिडकीतून

दोन्ही उत्तरे कागद आणि साल यांच्याभोवती फिरली. मी जरा प्रसंगाकडे वळते, कारण विद्यार्थिनीचा प्रश्न तिथला होता.

बायबलमधल्या उत्पत्तीच्या अठराव्या अध्यायात अब्राहाम भर उन्हाच्या वेळी मम्रे येथे आपल्या तंबूच्या दारात बसलेला असतो. तीन अनोळखी माणसे दिसताच तो धावत सामोरा जातो, पाय धुवायला पाणी देतो, पत्नी सारेला तीन मापे सपीठ मळून भाकरी करायला सांगतो, कोवळे वासरू रांधवतो आणि दही-दुधासह ते पाहुण्यांपुढे ठेवतो. मग मूळ वचनात एक बारीकसा तपशील येतो : पाहुणे झाडाखाली जेवत असतात आणि यजमान त्यांच्याजवळ उभा राहतो. वाढणारा पंगतीत बसत नाही, हे आपल्याला समजावून सांगावे लागत नाही. याच जेवणाच्या वेळी पाहुणे सारेला पुत्र होईल असे सांगतात आणि दाराआड उभी असलेली वृद्ध सारा स्वतःशी हसते.

आता एचिंग पाहावे. पाहुणे खुर्च्या-मेजावर नाहीत. ते घराच्या उंबऱ्याबाहेर जमिनीवर बसले आहेत, मध्ये अन्न आहे, आणि प्रमुख पाहुणा लांब पांढऱ्या दाढीचा वृद्ध आहे. तो मुघल चित्रातल्या चौघांत सहज खपून जाईल. रेम्ब्रांटने याच विषयावर १६४६ मध्ये एक लहानसे तैलचित्र केले होते, आणि त्यात मधल्या देवदूताच्या अंगातूनच प्रकाश फाकतो. दहा वर्षांनी तो चमत्कार त्याने जवळजवळ काढून टाकला. राहिली ती म्हाताऱ्या माणसांची निवांत बैठक. यजमान अब्राहाम हातात सुरई धरून उजवीकडे खाली वाकला आहे, वाढपी होऊन. वचनात तो उभा आहे, रेम्ब्रांटने त्याला पाहुण्यांपेक्षाही खाली आणला.

विद्यार्थिनीने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मला येथे दिसते. मुघल चित्रात अब्राहाम नाही हे खरेच. तेथे चौघे समान आहेत, कोणी कोणाला वाढत नाही. रेम्ब्रांटने त्या वर्तुळातले एक स्थान यजमानाला दिले आणि ते खाली खेचले, दाराच्या अंधारात सारा उभी केली, आणि मागे कठड्याशी पाठमोरा, धनुष्य ताणलेला इश्माएल, अब्राहामला दासीपोटी झालेला थोरला मुलगा, आणून ठेवला. हा मुलगा अठराव्या अध्यायात नाहीच. तो तिरंदाज झाला हे वाक्य एकविसाव्या अध्यायात, त्याला आईसह घराबाहेर काढल्यानंतर येते. घरात नव्या पुत्राची वार्ता येत असताना जुना पुत्र पाठ फिरवून उभा आहे. यातले काहीही शोनब्रुनच्या चित्रात नाही, ब्रिटिश म्युझियमच्या कागदावरही नाही. तेथून आली ती फक्त बसण्याची रीत.

पण ‘फक्त’ म्हणताना मी स्वतःच अडखळते. जमिनीवर बसून जेवणारी माणसे युरोपीय चित्रकाराला काढता येत नसत असे नव्हे. मात्र त्या चित्रांत ती बहुधा शेतावरची किंवा वाटेवरची माणसे असत. भारदस्त, वयोवृद्ध, विद्वान माणसे जमिनीवर बसतात आणि त्यात त्यांचे काहीही कमी होत नाही, हे दाखवणारा नमुना त्याला या चित्रात मिळाला. बायबलमधल्या कुलपित्यांच्या चालीरीती पूर्वेकडच्या लोकांत टिकून आहेत, अशा समजुतीने त्याने हा नमुना उचलला असावा, असे साधारणपणे सांगितले जाते. त्या समजुतीत सगळी पूर्व एकच मानण्याचा ढोबळपणा आहेच. तरीही एक योगायोग मला फार आवडतो : लघुचित्रातले चौघे मुसलमान धर्मवेत्ते असावेत असे मानतात, आणि तसे असेल तर ही गोष्ट त्यांच्याही ओळखीची होती. कुराणातही इब्राहीमकडे पाहुणे येतात, तो भाजलेले वासरू पुढे ठेवतो, आणि पाहुणे अन्नाला हात लावीत नाहीत हे पाहून तो मनात धास्तावतो.

गेरू

सर्वांचे मनापासून आभार. पैलथडी यांचा आक्षेप वाचून मी ‘पूर्वरेखाटन’ हा शब्द पुस्तिकेतून खोडला आहे. तरी एक शंका राहते. ‘मुघल चित्रावरून केलेली नक्कल’ असे नुसते लिहिले, तर विद्यार्थी तिला शाळकरी नक्कल समजतील. माझ्या माहितीप्रमाणे या रेखाटनांत रेम्ब्रांटने मूळ लघुचित्रात नसलेल्या सावल्याही घातल्या आहेत. शिवाय एका डच माणसाच्या हाती ही चित्रे आली कशी, हे दोन ओळींत सांगता आले तर बरे होईल.

दर्यावर्दी

चित्रे आली ती डच ईस्ट इंडिया कंपनीच्या व्यापारामुळे, एवढे खात्रीने लिहावे. कोणत्या जहाजातून आणि कोणाच्या पेटीतून, या खोलात शिरू नये. कंपनीची मुघल मुलखातली मोठी वखार सुरतेला होती. (कोकणातल्या वाचकांसाठी : आपल्या वेंगुर्ल्यालाही याच कंपनीची वखार होती आणि तिचे अवशेष अजून उभे आहेत, या चित्रांशी मात्र तिचा संबंध जोडू नये.) या रेखाटनांचा कागदसुद्धा त्याच कंपनीने आणलेला आहे. तो जपानी कागद आहे, गुळगुळीत, किंचित पिवळसर, शाई न फुटू देणारा. मुघल कागदाच्या घोटलेल्या पृष्ठभागाला जवळचे काही हवे म्हणून त्याने तो निवडला असावा, असे मला वाटते. एकाच व्यापाराच्या दोन टोकांच्या वस्तू त्याच्या मेजावर एकत्र आल्या.

विद्यार्थ्यांना ‘नक्कल’ हा शब्द हलका वाटू नये म्हणून उलट दिशेचे एक उदाहरण द्यावे असे सुचवतो. १५८० मध्ये गोव्याहून जेझुइट पाद्री फत्तेपूर सिक्रीला अकबराच्या दरबारी गेले, तेव्हा त्यांनी बादशहाला अँटवर्पला छापलेले अनेक भाषांतले बायबल भेट दिले. त्यात कोरीव चित्रे होती. त्या सुमारास आणखीही छापील चित्रे दरबारात पोहोचली आणि मुघल चित्रकारांनी ती आपल्या पद्धतीने उतरवून घेतली. केसूदास या चित्रकाराने सुमारे १५८८ मध्ये केलेले संत मत्तय आणि देवदूत यांचे चित्र ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. ते ज्या छापील चित्रावरून केले ते फिलिप्स गालेने कोरलेले होते, आणि त्याचा आराखडा होता मार्टेन व्हान हेम्सकेर्कचा, म्हणजे ताम्रपट यांनी वर सांगितलेल्या त्याच डावखुऱ्या माणसांच्या चित्रकाराचा. हार्लेममधले पूर्वरेखाटन अकबराच्या चित्रशाळेत लघुचित्र होऊन बसले, आणि सत्तर वर्षांनी त्याच परंपरेतले लघुचित्र हार्लेमपासून चार-पाच कोसांवरच्या आम्स्टरडॅममध्ये रेखाटन झाले. केसूदासाने रंग भरले, रेम्ब्रांटने सावल्या घातल्या. दोघांनीही नक्कल केली आणि दोघांनाही आपली सवय सोडवली नाही.

मुघल चित्रे प्रत्यक्ष किती लहान असतात याचा अंदाज यावा म्हणून शक्य असल्यास विद्यार्थ्यांना मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात अवश्य न्यावे. पडद्यावर मोठे करून दाखवलेले लघुचित्र पाहून रेम्ब्रांटची लेखणी किती जपून चालली आहे हे कळत नाही.

गेरू

चित्राखालची ओळ आता अशी केली आहे : ‘झाडाखाली बसलेले चौघे. मुघल लघुचित्रावरून रेम्ब्रांटने केलेले रेखाटन, जपानी कागदावर तपकिरी शाई व वॉश, साधारण १६५६–१६६१. यातील बैठकीची मांडणी त्याच्या १६५६ च्या अब्राहामच्या एचिंगमध्ये आढळते.’ कोण आधी आणि कोण नंतर, याविषयी ओळीत काहीही म्हटलेले नाही.

ताम्रपट

‘आढळते’ हा शब्द उत्तम आहे. माझे घाईचे वाक्य मी मागे घेतो. एकच सुचवतो. शेजारच्या पानावर एचिंग छापणार असाल, तर ते त्याच्या मूळ आकारात, म्हणजे साधारण सोळा बाय तेरा सेंटिमीटरच छापावे, आणि त्याच्याजवळ त्याची आरशातली उलटी प्रतही लहान करून द्यावी. पत्र्यावर रेम्ब्रांटने चित्र त्या बाजूने काढले होते. चौघांशी त्याची तुलना करायची, तर विद्यार्थिनीला दोन्ही बाजू समोर हव्यात.